धातूची स्लाईड आधी की हॉप-अपचं रबर?

खटका:
एअरसॉफ्ट म्हणजे प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या पिस्तुलांचा खेळ. त्यातलं हाय-कॅपा हे गॅसचं पिस्तूल घेतलेला नवा माणूस बहुतेक वेळा पहिली खरेदी करतो ती ॲल्युमिनियमच्या स्लाईडची, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाची. हा क्रम उलटा आहे, असं माझं ठाम मत आहे. तोक्यो मारुई या जपानी कंपनीची ही पिस्तुलं जपानच्या हिशेबाने बनतात. तिथे छर्ऱ्याच्या ऊर्जेला ०.९८ ज्यूलची मर्यादा आहे आणि गॅस एचएफसी १३४ए, म्हणजे कमी दाबाचा. हलकी प्लॅस्टिक स्लाईड आणि नरम स्प्रिंगा त्या दाबाला जुळवलेल्या असतात. स्लाईड जड केली की तोच गॅस तिला पूर्ण मागे नेत नाही. मग जास्त दाबाचा ग्रीन गॅस, मग स्लाईड पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग कडक, मग हॅमर स्प्रिंग. एवढा खर्च करूनही छर्रा पूर्वी जिथे जात होता तिथेच जातो! नेम सुधारायचा तर छर्ऱ्याला उलटी फिरकी देणाऱ्या हॉप-अपचं रबर, छर्रा जाते ती आतली नळी आणि त्या दोन्हींची जोडणी आधी बघा.

धातुवेडा:
साफ असहमत. वजन, स्लाईड मागे येतानाचा झटका, बंद होतानाचा खणखणीत आवाज, यासाठीच तर माणूस गॅस ब्लोबॅक, म्हणजे दर वेळी गॅसने स्लाईड मागे ढकलणारं पिस्तूल, घेतो. नुसती अचूकता हवी असेल तर स्प्रिंगचं पिस्तूलही चालेल. आणि ग्रीन गॅस म्हणजे प्रोपेन आणि थोडं सिलिकॉन तेल. हवा गरम असली की त्याचा दाब चांगलाच चढतो. रोज तो भरणाऱ्याची प्लॅस्टिक स्लाईड आज ना उद्या तडकतेच. त्याच्यासाठी धातू ही हौस नाही, गरज आहे.

कानसवाला:
दोघेही 'काय घ्यावं' यावर भांडताय. माझ्या मते निम्मं काम 'कसं बसवावं' यात आहे. पाकिटावर 'मारुईला चालते' असं लिहिलेली स्लाईडसुद्धा थेट बसेलच असं नाही. रिकॉइल स्प्रिंग न घालता स्लाईड फ्रेमवर चढवा आणि पिस्तूल पुढे-मागे तिरपं करा. स्लाईड स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे. अडत असेल तर रुळांवर मार्करची शाई लावून चार-पाच वेळा ओढा. शाई जिथे पुसली गेली तेवढीच जागा बारीक पॉलिश पेपरने घासा आणि पुन्हा बघा. कानस शेवटचा उपाय, कारण गेलेला धातू परत येत नाही.

रबराचंही तसंच. नळीच्या खाचेत रबराची कड नीट बसली की नाही, हे हॉप-अप थोडं चढवून नळीतून उजेडाकडे बघितल्यावर कळतं. आतला उंचवटा बरोबर मध्यावर दिसायला हवा. तो जरा जरी कलला असेल तर छर्रा डावी-उजवीकडे वळणार, मग नळी कितीही महागाची असो.

नवशिका:
६.०१ मिमीची नळी घेऊ का? जितकी अरुंद तितकी अचूक, असं सगळे म्हणतात.

खटका:
नका घेऊ. चांगले छर्रे ५.९५ मिमीच्या आसपास असतात. ६.०१ मध्ये जरा कचरा किंवा खराब छर्रा आला की अडकलंच. ६.०३ घ्या आणि ती स्वच्छ ठेवा. रबर गॅस ब्लोबॅकचंच मागा, इलेक्ट्रिक बंदुकीचं बसत नाही. आणि त्याला पेट्रोलियमचं तेल लावू नका, फुगतं.

धातुवेडा:
कानसवाल्यांचं पटलं, पण माझा क्रम तोच. मात्र धातूची स्लाईड लावणाऱ्यांनी एक कराच, स्लाईड मागे अडवून धरणाऱ्या स्लाईड स्टॉपची खाच अधूनमधून तपासा. पोलादी स्टॉप ॲल्युमिनियम खातो. एकदा ट्रिगर दाबून दोन छर्रे सुटले तर सिअर, म्हणजे हॅमर अडवून धरणारा भाग, झिजलंय असं समजा. मॅगझिन काढून ठेवायचं आणि सिअर बदलेपर्यंत त्या पिस्तुलाने खेळायचं नाही.

कानसवाला:
सिअरबद्दल शंभर टक्के सहमत. आणखी एक. पार्ट बदलला की वेग पुन्हा मोजा, आणि ज्या छर्ऱ्याने खेळणार त्यानेच मोजा. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर म्हणजे १ ज्यूल. गॅसच्या पिस्तुलात जड छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, गॅस त्याला जास्त वेळ ढकलतो आणि ज्यूल वाढू शकतात. ०.२० ने मर्यादेत बसलेलं पिस्तूल ०.२८ ने बाहेर जाऊ शकतं, आणि समोर जो उभा असतो तो आपलाच गडी असतो.