फ्रीडॉसवर धंदा उभा राहील का?

पंचिंगवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, १९ वर्षं झाली. गिऱ्हाईक बहुतेक चादर-टॉवेलचे कारखानदार.

मागच्या महिन्यात एका मालकांचा जकार्ड कार्ड पंचिंगचा (मागाला डिझाइन सांगणाऱ्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा) पीसी बसला. डिझाइनचं सॉफ्टवेअर डॉसवरचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमवरचं, बनवणारा कधीच धंदा सोडून गेलेला. आत लांबलचक आयएसए कार्ड (जुन्या पद्धतीच्या स्लॉटात बसणारं), त्यातून जाड केबल थेट पंचिंग मशीनला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर पापडासारखे फुगलेले. भंगारातून आयएसए स्लॉटचा बोर्ड शोधला, हार्डडिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड टाकलं, फ्लॉपीच्या जागी गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारा डबा) बसवला म्हणजे पेनड्राइव्ह चालतो. एमएस-डॉसची चोरीची कॉपी कशाला, म्हणून फ्रीडॉस टाकलं, डॉससारखीच चालणारी फुकट सिस्टीम. चालू केलं तर स्क्रीनवर "रनटाइम एरर २००".

मालक म्हणाले, "दोनशे रुपये मागतंय का काय?"

प्रोग्रॅम टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेला होता. तो सुरू होतानाच प्रोसेसर किती वेगात पळतोय ते मोजतो आणि भागाकार करतो. प्रोसेसर त्याच्या अंदाजापेक्षा लई जोरात पळाला की भागाकाराचं उत्तर त्याच्या रकान्यात मावत नाही, लगेच आडवा पडतो. फाइलला पॅच मारला, पंचिंग पुन्हा खटखट करायला लागलं. तीन दिवस गेले. बिल लावलं ९,५०० रुपये. मालकांचा मुलगा मोबाइलवर बघून म्हणतो, "काका, ही सिस्टीम तर फुकट आहे. मग पैसे कशाचे?"

माझ्या ओळखीत असे डॉसवर अडकलेले १४ कारखाने आहेत. वर्षाला १२,००० रुपयांचा करार करावा म्हणतोय. घरचे म्हणतात वेड लागलंय, सीसीटीव्ही बसव. तुम्ही सांगा.

वार्पचा_जुना_भक्त

काका, आर्कानोए कंपनी बघा. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ओएस/२ ही ऑपरेटिंग सिस्टीम काढली १९८७ साली. आयबीएमने २००६ च्या शेवटी सपोर्ट थांबवला. पण तिच्यावर लिहिलेले प्रोग्रॅम कुठे थांबले? न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या मेट्रोकार्ड यंत्रणेतसुद्धा ती होती. आर्कानोएने आयबीएमकडून परवाना घेऊन २०१७ मध्ये आर्काओएस ५.० बाजारात आणली. २०२३ च्या ५.१ पासून ती यूईएफआयच्या (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या) नव्या मशीनवरही बूट होते.

गंमत अशी की मूळ कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्यांचा नाही. ते लिहितात ड्रायव्हर, इन्स्टॉलर, असलीच कामं. तरी धंद्यासाठीच्या परवान्याला दोनशेच्या वर डॉलर लावतात आणि लोक देतात. कारण देणाऱ्याला ओएस/२ नकोच असते, त्याला आपला जुना प्रोग्रॅम नव्या डब्यावर चालायला हवा असतो. तुम्ही त्या तीन दिवसांत दुसरं काय केलंत?

भंगार_ते_बूट

थोडं थंड पाणी ओततो. बीओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम आठवते? एका वेळी चार-चार व्हिडिओ चालवायची, तेही त्या काळच्या मशीनवर. दाखवायला झकास, पण गिऱ्हाईकाचं एकही काम तिच्यावाचून अडत नव्हतं. २००१ मध्ये पाम या हातात मावणारे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला सगळा बाडबिस्तरा १ कोटी १० लाख डॉलरमध्ये गेला. तुमचं उलट आहे, काम अडतंय, पण अडणारे दरवर्षी कमी होणार. इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं की पुठ्ठेही गेले आणि पंचिंगही गेलं. आज १४ आहेत, पाच वर्षांनी निम्मे धरा. यासाठी पोरगा कामाला ठेवू नका, गाळा घेऊ नका. पैसा घालायचाच असेल तर आयएसएचे बोर्ड आत्ताच गोळा करून ठेवा. तेच तुमचं भांडवल, फ्रीडॉस कोणीही उतरवून घेईल.

आणि डॉसबॉक्सवर (नव्या पीसीत डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) भागेल असं कोणी सांगेल, त्याला ते आयएसए कार्ड दाखवा, नव्या पीसीत ते बसवणार कुठे?

टॉवेल_कारखानदार

मी गिऱ्हाईकाच्या बाजूने बोलतो. त्या पोराचं चुकलं नाही, चुकलं तुमचं बिल. "फ्रीडॉस इन्स्टॉलेशन" असं लिहिलं असणार. अहो, ते कसलं डॉस आहे याच्याशी मला काय देणंघेणं? नवीन डिझाइनची ऑर्डर हातात आहे, कार्डं पंच होईनात, माग उभा, विणकर बिडी ओढत बसलाय. एका दिवसात माझं किती जातं ते मला पाठ आहे. बिलावर लिहा, "पंचिंग बंद पडल्यास दुसऱ्या दिवशी चालू". माझ्या कॉम्पॅक्टफ्लॅशची एक कॉपी आणि एक तयार डबा तुमच्या दुकानात ठेवा. १२,००० कमी होतात, १५,००० मागा. मी घासाघीस करून १२ वर आणतोच.

पंचिंगवाला_सोलापूर

मालक, बरोबर ओळखलंत, बिलावर तेच लिहिलं होतं. लाज वाटली.

सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. भंगारवाल्याकडून आयएसएचे सहा बोर्ड उचलले, त्यातले चार जिवंत निघाले. स्टँडबाय डबा तयार आहे. करारात फ्रीडॉसचं नाव तळाला बारीक अक्षरात, वर फक्त "पंचिंग चालू ठेवणे". चार मालक तयार झाले, दोघे म्हणाले गड्ड्याची जत्रा होऊ दे मग बघू. म्हणजे नाही.

एक कलम मात्र मी हट्टाने घातलं. एका कारखान्यात सॉफ्टवेअरला प्रिंटर पोर्टात लावायचा डोंगल आहे, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्लीच, त्याची कॉपी होत नाही. तो गेला तर माझी जबाबदारी नाही, असं स्पष्ट लिहिलं. त्या मालकांनी वाचलं, काही बोलले नाहीत, सही केली. परवा गेलो तर डोंगलला हळदकुंकू लावलेलं.