१६ वर्षांचा ग्राहक, लोगोचं काम मध्येच अडकलंय. कसं हाताळू?

रेघोटी:

मी एकटीच ऑनलाइन डिझाइनचं काम करते. लोगो, चॅनलचे बॅनर, इमोट (चॅटमध्ये टाकायची छोटी चित्रं), स्टिकर वगैरे. बहुतेक गिऱ्हाईक गेमिंगवालं, म्हणजे वयाने लहानच. या पोरांशी माझं एरवी छान जमतं. पण सध्याच्या एका ग्राहकापुढे मी हात टेकलेत.

मुलगा १६ वर्षांचा आहे, हे बोलता बोलता त्यानेच सांगितलं. त्याला चॅनलसाठी लांडग्याचं डोकं असलेला लोगो, बॅनर आणि तीन इमोट हवे होते. अर्धे पैसे आगाऊ आले. कच्चं रेखाटन पाठवलं, "एक नंबर झालंय ताई!" असा मेसेज आला, मी रंगकाम केलं. आणि तिथून सगळं बिनसलं.

मेसेज येतात ते रात्री उशिरा. "फील येत नाहीये." "अजून खतरनाक करा." मी विचारते, खतरनाक म्हणजे काय बदलू, डोळे, दात की रंग? तर म्हणे, "माहीत नाही, पण हा खूप शांत वाटतो." डोळे बारीक केले. दुसऱ्या रात्री, "आता झोपाळू वाटतोय." मग म्हणाला, कान गायब झालेत. मी फाइल उघडून पाहिली, कान जागच्या जागी. मग, "पांढरा रंग पिवळट का केला?" पांढऱ्याला मी हातही लावला नव्हता. मग, "मोठं केलं की फुटतंय, हलकी क्वालिटी दिलीत." मधेच एका नावाजलेल्या टीमचा लोगो पाठवून "सेम असाच करा, फक्त नाव माझं" हेही झालं. त्याला मी साफ नकार दिला, कारण ती दुसऱ्याची मालमत्ता आहे.

काल मी सांगितलं की ठरल्याप्रमाणे बदलांच्या दोन फेऱ्या झाल्यात, यापुढच्या बदलांचे वेगळे पैसे होतील. आधी काहीच उत्तर नाही. मग धडाधड मेसेज. इतके दिवस 'ताई, तुम्ही' म्हणणारा मुलगा एकदम 'तू'वर आला. पैसे परत दे, नाहीतर गेमिंगच्या सर्व्हरवर (त्यांच्या ऑनलाइन गटात) सगळ्यांना सांगतो की तू फ्रॉड आहेस. आणि शेवटी, कार्ड बाबांचं आहे, ते बँकेत तक्रार करतील.

मोठा माणूस असता तर मी ठरलेल्या अटी समोर ठेवल्या असत्या आणि विषय संपवला असता. पण हा मुलगा आहे. रात्री जागून एका लोगोवर इतका जीव टाकतोय, त्याला दरडावून गप्प करायला माझं मन घेत नाही. दुसरीकडे माझी मेहनतही खरी आहे. बाबांशी बोलले तर ती चुगली होईल का? पैसे परत करू का? की काम पूर्ण करून देऊ? अनुभवी लोकांनी सांगा.

—

तिरकीरेघ:

आधी पैशांचं बोलते, कारण तिथे उशीर परवडत नाही.

बऱ्याच देशांत १८ वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार तिच्यावर लादता येत नाही. म्हणजे तुझ्या अटी कितीही नीट लिहिलेल्या असल्या तरी त्यांच्या जोरावर या मुलाकडून उरलेले पैसे वसूल करायचा विचार सोड. दुसरं म्हणजे कार्डवाल्याने बँकेत तक्रार केली तर ती फक्त धमकी राहत नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या बहुतेक प्रकारच्या तक्रारींना साधारण १२० दिवसांची मुदत असते. तक्रार झाली की बँक विक्रेत्याकडे पुरावा मागते, आणि तोवर पैसे अडकून पडतात. वडील "मी हा व्यवहार केलाच नाही" म्हणाले, तर मुलाने पास केलेलं रेखाटन तिथे फारसं उपयोगी पडत नाही. म्हणून वडील बँकेकडे जायच्या आत तू वडिलांपर्यंत पोच.

चुगलीचं म्हणशील, तर कार्ड त्यांचं आहे. त्यांना कळणं हा त्यांचा हक्कच आहे. फक्त मुलाच्या पाठीमागून जाऊ नकोस. समाजमाध्यमांवर वडिलांना शोधून मेसेज करणं तर अजिबात नको. मुलालाच सांग, "पैशांबद्दल मला घरच्या मोठ्या माणसाशीच बोलता येतं, तेव्हा बाबांना मला मेल करायला सांग." मेल आला की मी साधारण असं लिहिते:

"नमस्कार. आपल्या मुलाने त्याच्या चॅनलसाठी माझ्याकडे लोगो, बॅनर आणि तीन इमोटचं काम दिलं आहे. आगाऊ रक्कम आपल्या कार्डावरून आली आहे. लोगोचं रंगकाम झालं आहे, नमुने सोबत जोडते. काम पुढे न्यायचं की इथेच थांबवायचं, हे आपण दोघांनी मिळून कळवावं. थांबवायचं असल्यास न झालेल्या कामाचे पैसे परत करीन."

मुलाच्या वागण्याबद्दल त्यात एक अक्षर घालायचं नाही. रात्रीचे मेसेज, धमकी, 'तू'वर येणं, काही नाही. तू त्याला घरी ओरडा बसवलास असं त्याला वाटलं, की तो लोगो त्याच्यासाठी कायमचा कडू होतो.

—

पाटीपेन्सिल:

इतकं कशाला? आगाऊ रक्कम परत करून टाक, ब्लॉक कर, पुढच्या कामाला लाग. १८ खालच्यांचं काम मी घेतच नाही.

—

जुनाखिळा:

पाटीपेन्सिल म्हणतो ती वाट आहेच, पण मला इथे वेगळंच दिसतंय. रेघोटी, तू दिलेल्या तक्रारी मी दोनदा वाचल्या. माझ्या मते तो मुलगा खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच तसं दिसतंय.

कान घे. लांडग्याच्या कानांची कड काळी किंवा अगदी गडद असणार, आणि फाइल पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. तू ती पांढऱ्या किंवा चौकटीच्या पार्श्वभूमीवर पाहतेस. तो पाहतो डिस्कॉर्डवर (गेमिंगवाल्यांचं चॅट ॲप), डार्क मोडमध्ये. गडदवर गडद कड विरून जाते आणि कानांची टोकं खरोखर गायब होतात. उपाय सोपा आहे. पूर्ण आकृतीभोवती फिक्या रंगाची एक बाहेरची रेघ दे. ती पांढऱ्यावर दिसत नाही आणि गडदवर आकृती उचलून धरते. यापुढे कुठलाही नमुना पाठवताना एकाच चित्रात पांढरी, राखाडी आणि काळी अशा तिन्ही पट्ट्यांवर ठेवून पाठव.

पिवळट पांढरा. मेसेज कधी येतात म्हणालीस? रात्री उशिरा. बहुतेक फोनमध्ये रात्रीचा फिल्टर असतो, तो निळा प्रकाश कमी करतो, आणि निळा कमी झाला की पांढरा पिवळाच दिसणार. त्याला सांग, फिल्टर बंद करून किंवा सकाळी उजेडात एकदा बघ. रंगाबद्दलचं मत मी रात्री कुणाकडूनच घेत नाही, मोठ्यांकडूनही नाही.

फुटणारं चित्र. तू व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलंस तर ॲप ते दाबून लहान करतं. त्यात नमुना मुळातच कमी रिझोल्यूशनचा आणि वर वॉटरमार्क, आणि हा दोन बोटांनी ताणून बघतोय. डॉक्युमेंट म्हणून पाठव, आणि सोबत सांग की अंतिम लोगो एसव्हीजीमध्ये मिळेल, तो कितीही मोठा केला तरी फुटत नाही. हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की समोरच्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं, हे लक्षात येत नाही.

आता 'खतरनाक'. मुलांना काय हवं ते शब्दांत सांगता येत नाही, पण बोट ठेवून दाखवता येतं. "काय बदलू?" हा प्रश्न त्यांच्यासाठी फार अवघड आहे. त्याऐवजी फक्त भुवईचा कोन बदललेली तीन काळी-पांढरी डोकी शेजारी शेजारी ठेव, वर अ, ब, क लिही आणि विचार, यातला जास्त खतरनाक कुठला? उत्तर लगेच येतं. लांडगा शांत वाटतो त्याचं कारण बहुधा डोळ्याच्या आकारात नसतं, भुवईच्या रेषेत असतं. ती रेषा नाकाच्या दिशेने खाली आली आणि डोळ्याचा वरचा भाग कापला गेला, की राग दिसतो. तू डोळे वरून-खालून सारखेच बारीक केले असशील तर पेंगुळलेला दिसणारच. त्याची नजर बरोबर आहे गं. मला तर त्याचं कौतुक वाटलं, दोन्ही वेळा त्याने नेमकं पकडलंय.

आणि एक. रोज नवी तक्रार येते तेव्हा बघणाराही रोज नवा असतो. हा मुलगा नमुना त्याच्या टीममध्ये टाकत असणार. एक म्हणतो शांत, दुसरा म्हणतो झोपाळू, आणि तो त्यांचे निरोप तुला पोचवतो. त्याला सरळ विचार, "शेवटचा निर्णय कोणाचा?" 'माझा' असं उत्तर आलं की त्याच्याच शब्दांवर काम कर. टीमचा म्हणाला तर सगळ्यांचं मत एकत्र, एकदाच, मतदान घेऊन कळवायला सांग. ते लोक मतदान आवडीने करतात.

—

रेघोटी:

जुनाखिळा, मी आत्ता फाइल काळ्या पट्टीवर ठेवून बघितली. कान खरंच नाहीत! टोकं पूर्ण विरलीत. आणि इमोटच्या सर्वात लहान मापात तर, २८ पिक्सेलला, नुसतं नाक आणि दात उरतात.

पाटीपेन्सिल, ब्लॉक करणं मला पटत नाही. माझे अर्ध्याहून जास्त ग्राहक याच वयाचे आहेत. त्यांना कुणी गांभीर्याने घेत नाही, म्हणून ते माझ्याकडे येतात. आधी पैसे घेऊन गायब होणारे लोक त्यांना भेटलेले असतात, त्यामुळे थोडं खट्ट झालं की ते 'फ्रॉड' म्हणतात. हे मी याआधीही पाहिलंय.

तिरकीरेघ, मेलचा मजकूर घेतेय, आभार. एक शंका. आधी बाबांचं बोलू की आधी कानांचं?

—

तिरकीरेघ:

आधी कान. तक्रार खरी होती हे त्याला तुझ्याकडून कळू दे, मग बाबांचं काढ. उलटं केलंस तर तुझं पुढचं काही तो वाचणार नाही.

आणि ही दोन बोलणी शेवटपर्यंत वेगळी ठेव. चित्राबद्दल त्याच्याशी, पैशांबद्दल बाबांशी. बाबांनी लोगोत बदल सुचवले तर नम्रपणे सांग की ते मुलाला विचारते. चॅनल त्याचं आहे.

—

चौकटराजा:

मी एक मोठा गेमिंग सर्व्हर सांभाळतो, त्या बाजूचं सांगतो. 'फ्रॉड' अशी पोस्ट पडलीच, तर त्याखाली भांडू नकोस आणि त्याच्या चॅटचे स्क्रीनशॉट सगळ्यांपुढे टाकू नकोस. मुलगा अल्पवयीन आहे, त्याचं नाव, वय, बाबांचं कार्ड हे तुझ्या हातून बाहेर जाता कामा नये. मॉडरेटरला खाजगीत लिही, कामाच्या तारखा आणि पास झालेलं रेखाटन दाखव. आमच्याकडे अशी पोस्ट आली की आम्ही आधी दोन्ही बाजू मागतो. अपूर्ण पण खरं काम दाखवणारा आणि पैसे घेऊन पळणारा, यातला फरक लगेच कळतो.

पुढच्यासाठी: ऑर्डरच्या फॉर्ममध्येच "१८ पूर्ण आहेत का? नसल्यास पालकांचा ईमेल" असा रकाना टाक. डिस्कॉर्ड आणि ट्विच (खेळ थेट दाखवायची साइट) बहुतेक ठिकाणी १३ वर्षांपासून वापरता येतात, पण पेपॅलचं खातं काढायला १८ लागतात. त्यामुळे या वयाच्या ग्राहकाचे पैसे कुठल्या ना कुठल्या मोठ्याच्या खिशातूनच येतात. ते कोण, हे काम सुरू करायच्या आधी माहीत असलेलं बरं.

—

रेघोटी:

फॉर्ममध्ये रकाना टाकला.

त्याला आज दुपारी लिहिलं, रात्रीची वाट पाहिली नाही. "कानांबद्दल तुझं बरोबर होतं. काळ्या पार्श्वभूमीवर ते दिसत नव्हते, आता बाहेरून फिकी रेघ दिलीय. हा बदल फेऱ्यांमध्ये धरत नाही. सोबत तीन भुवया आहेत, तुला स्वतःला कुठली आवडते ते सांग, टीमचं नंतर बघू." डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, तिन्ही पट्ट्यांवर.

अर्ध्या तासात उत्तर आलं: "क. आणि ताई, कालचं सॉरी, एक जण म्हणाला की सगळे डिझायनर असंच फसवतात."

मग पैशांचं काढलं. त्यावर बराच वेळ 'टाइप करत आहे' दिसत राहिलं. शेवटी म्हणाला, बाबांना कार्डचं माहीत आहे, पण इतके पैसे म्हणून सांगितलं नव्हतं. आज सांगतो आणि तुमचा ईमेल देतो. मी लिहिलं, "ठीक आहे. त्यांचा मेल येईपर्यंत मी काम थांबवते, फाइल जपून ठेवते. त्यांनी नको म्हटलं तर बॅनर आणि इमोटचे पैसे परत मिळतील, तुला रागावू नका असं मी त्यांना लिहीन."

चौकटराजा, तुम्ही म्हणालात तसं स्क्रीनशॉट कुठेच टाकले नाहीत. पोस्टही पडलेली नाही. जुनाखिळा, २८ पिक्सेलच्या इमोटसाठी पूर्ण डोकं ठेवू, की फक्त डोळे आणि दात घेऊ?

—

जुनाखिळा:

डोळे, भुवया, दात. कान आणि मानेचे केस काढून टाक. आधी २८ ला काढ आणि मग ५६, ११२ ला तपशील वाढव. मोठ्याचं लहान करत बसलीस तर सगळं चिखल होतं.