सालाझार म्हणे 'सौम्य' हुकूमशहा, मग पत्रादेवीला गोळ्या कुणी घातल्या?

मानसी_एमए२

नमस्कार मंडळी, एमएला तुलनात्मक राजकारणाचा पेपर आहे पुढच्या महिन्यात आणि मी एका जागी जाम अडकलेय. आमच्या सरांच्या नोट्समध्ये युरोपातल्या हुकूमशाह्यांचा तक्ता आहे, त्यात हिटलर, मुसोलिनी, मग स्पेनचा फ्रँको आणि शेवटी पोर्तुगालचा सालाझार, आणि सालाझारच्या पुढे लिहिलंय 'राजकीय हिंसा : कमी'. मी विचारलं तर म्हणाले की बाई, फ्रँकोने हजारोंनी माणसं भिंतीला उभी करून मारली, सालाझारच्या अख्ख्या कारकिर्दीत पोर्तुगालमध्ये तसं काही झालं नाही, म्हणून तो सौम्य गटात येतो, एवढं लिही आणि पुढे जा.

आता माझी पंचाईत अशी की माझे आजोबा १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्याहून पत्रादेवीला सत्याग्रहात गेले होते, तेव्हा वीस वर्षांचे होते. त्या दिवशी गोव्याच्या हद्दीवर वीसहून जास्त निःशस्त्र माणसं गोळीबारात गेली. आजोबा वाचले पण बंदुकीच्या दस्त्याने उजवं कोपर असं फुटलं की पुढे आयुष्यभर हात सरळ झाला नाही, आम्हाला लहानपणी वाटायचं आजोबा डावखुरेच आहेत. ते सालाझारचंच सरकार ना? मग 'कमी' कुठून आलं? सरांशी वाद घालायचा नाहीये, मला खरंच समजून घ्यायचंय. हे वर्गीकरण करतात तरी कसं?

जुना_मास्तर

मानसी, तुझे सर चुकीचं सांगत नाहीयेत, अर्धं सांगतायत. तो अर्धा भाग आधी नीट समजून घे, कारण परीक्षेत तोही लागेल.

फ्रँको आणि सालाझार शेजारी-शेजारी, दोघंही कट्टर कॅथलिक आणि कम्युनिस्टांचे वैरी, पण सत्तेवर आले ते अगदी वेगळ्या वाटेने. फ्रँकोला १९३६ ते ३९ तीन वर्षं यादवी लढून देश गावागावाने जिंकावा लागला. अर्ध्या देशाने त्याच्याविरुद्ध हत्यार उचललेलं, त्यामुळे जिंकल्यावरही कोर्ट मार्शल आणि फाशी-गोळ्यांचा सपाटा चालूच राहिला. सालाझार हा कोइंब्राचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक, १९२६ ला लष्कराने बंड करून लोकशाही मोडली आणि दोन वर्षांनी त्या जनरल लोकांना तिजोरीचा हिशेब जमेना म्हणून याला अर्थमंत्री केलं. १९३२ ला पंतप्रधान, १९३३ ला स्वतःची राज्यघटना, बस. हाताला रक्त न लागता घरात शिरला आणि मग घरच त्याचं झालं.

त्यात तो गर्दीला भिणारा माणूस. मुसोलिनीसारखं गच्चीतून भाषण, लाखांचे मेळावे हे त्याला मनापासून आवडायचं नाही. १९३६ नंतर पोरांची संघटना, गणवेश, हात वर करून सलाम हे सगळं आणलं खरं, पण त्याच्याही आधी १९३४ ला पोर्तुगालमधल्या निळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांवर त्यानेच बंदी घातली. त्याला लोक हवे होते ते घरात, चर्चमध्ये आणि शेतात. देव, देश, कुटुंब ही त्याची त्रिसूत्री. हुआन लिंझ नावाच्या अभ्यासकाने १९६४ मध्ये स्पेनवरून जो भेद मांडला (सर्वंकष हुकूमशाही लोकांना सतत रस्त्यावर उतरवते, अधिकारशाही त्यांना गप्प घरी बसवते) त्यात सालाझार फ्रँकोपेक्षाही जास्त चपखल बसतो. हे उत्तरात नक्की लिही.

पण गप्प बसवायचं म्हणजे काय ते बघ. त्याच्या गुप्त राजकीय पोलिसांचं नाव १९४५ पासून पीडे. मराठीत लिहिलं की नावातच पीडा येते, आणि ती योग्यच आहे. यांची खासियत म्हणजे खुणा न राहणारा छळ. एक प्रकार 'पुतळा', म्हणजे कैद्याला भिंतीकडे तोंड करून तासन्‌तास, दिवसेंदिवस उभं ठेवायचं, पाय सुजून बूट कापून काढावे लागायचे. दुसरा 'झोप', म्हणजे झोपूच द्यायचं नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी माणसाला भिंतीवर किडे दिसायला लागतात आणि तो काहीही सही करतो. यात मेलेल्यांचा आकडा लहानच राहणार. पोर्तुगालने राजकीय गुन्ह्यांची फाशी १८५२ सालीच रद्द केली होती आणि सालाझारने ती परत आणली नाही, त्याचा त्याला अभिमान होता. फाशी नाही, पण केप व्हर्देच्या बेटावर ताराफालला १९३६ मध्ये छावणी काढली, तिथे मलेरियाने माणसं मेली. ती फाशीत कशी धरायची, सांगा.

डिचोलीकर

मास्तर बरोबर, पण पाखल्यांच्या (म्हणजे पोर्तुगीजांच्या) राजवटीची चव ज्यांनी घेतली त्यांना विचारा. आमच्या घरात आईच्या लग्नाची पत्रिका आहे, मराठीत छापलेली, तीसुद्धा सेन्सॉरकडून पास करून आणावी लागली होती. लग्नाची पत्रिका हो! वर-वधूच्या नावात कसलं राजकारण सापडणार होतं देव जाणे. आणि चौकीवर नेलं की पालमातोरी, म्हणजे लाकडाचं गोल जाड फळकूट, त्याला भोकं पाडलेली, ते तळहातावर मारायचे. भोकांमुळे कातडी ओढली जाते. माझे मामा सांगायचे की नंतर आठ दिवस स्वतःच्या हाताने पेज पिता येत नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. गोव्यात त्या वेळी एक पोलीस होता, कासिमिरो मोंतेरो. 'आजेंत मोंतेरो' म्हटलं की जुनी माणसं अजून आवाज खाली करतात. इथल्याच मातीतला, अर्धा गोवेकर, आणि स्वातंत्र्यसैनिकांना मारझोड करण्यात सगळ्यांच्या पुढे. आता पुढची गंमत बघा (गंमत कसली म्हणा). पोर्तुगालमध्ये १९५८ च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत उंबेर्तो देल्गादो नावाचा जनरल सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध उभा राहिला. निवडून आलात तर सालाझारचं काय करणार असं विचारल्यावर तो सरळ म्हणाला, उघड आहे, काढून टाकणार. लोक रस्त्यावर आले. निकालात अर्थात तो हरला, आणि दुसऱ्याच वर्षी सालाझारने ती थेट निवडणूकच बंद करून टाकली. देल्गादो परदेशात गेला. फेब्रुवारी १९६५ मध्ये पीडेच्या लोकांनी बंडखोर अधिकारी असल्याचं सोंग करून त्याला स्पेनच्या हद्दीत बादाहोसजवळ बोलावलं आणि त्याला आणि त्याच्या सेक्रेटरी बाईंना मारून पुरलं. त्या टोळीत मारणारा कोण? हाच आमचा मोंतेरो.

म्हणजे डिचोली-म्हापशात हात साफ केलेला माणूस दहा वर्षांनी त्यांच्याच जनरलवर सोडला. मग सांगा, 'पोर्तुगालमधली हिंसा' आणि 'गोव्यातली हिंसा' अशा दोन रकान्यांत याला कसं वाटायचं?

उलटतपासणी

भावना समजतात पण थोडं थांबा, इथे सगळे एकाच सुरात बोलायला लागले की मला खाज सुटते.

पत्रादेवी, पालमातोरी, सगळं खरं. पण त्यावरून हुकूमशाहीबद्दल काय सिद्ध होतं? जालियनवाला बाग झालं तेव्हा लंडनमध्ये पार्लमेंट होतं, निवडणुका होत होत्या. केनियात माऊमाऊ बंडाच्या वेळी १९५० च्या दशकात इंग्रजांनी हजारो लोक छावण्यांत कोंडले. फ्रान्सने अल्जेरियात १९५४ ते ६२ जे केलं, विजेचे झटके वगैरे, ते पॅरिसमध्ये निवडून आलेल्या सरकारच्या काळात. म्हणजे वसाहतीत लोकशाहीवाला पण मारतो आणि हुकूमशहा पण मारतो. मग तुलनात्मक राजकारणात राजवटीचा प्रकार ठरवताना ती हिंसा बाजूला ठेवतात यात गैर काय? नाहीतर ब्रिटनलाही हुकूमशाहीत टाकावं लागेल. घरची वही वेगळी, वसाहतीची वही वेगळी. मानसी, तुझ्या सरांचा तक्ता घरच्या वहीवरून केलाय, एवढंच. आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतोय.

मानसी_एमए२

नाही नाही, वाईट नाही वाटलं, उलट हाच मुद्दा सरांनी मांडला असता तर बरं झालं असतं. पण मग दोन वह्या आहेत असं कुणी ठरवलं? सालाझारने?

जुना_मास्तर

शाब्बास पोरी, हाच प्रश्न. उलटतपासणी साहेब, तुमचा युक्तिवाद ब्रिटनला लागू पडतो, कारण ब्रिटन स्वतःच म्हणायचा की हिंदुस्थान ही आमची वसाहत आहे, तो काही इंग्लंडचा भाग नाही. सालाझार नेमकं उलटं म्हणत होता. १९५१ मध्ये त्याने घटना बदलून 'वसाहत' हा शब्दच काढला, गोवा काय, अंगोला काय, सगळे 'सागरापारचे प्रांत'. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल युनोत आला आणि तिथे विचारलं की तुमच्या ताब्यात परकी प्रदेश कोणते, तर उत्तर दिलं, आमच्याकडे असे प्रदेशच नाहीत, मिन्योपासून (म्हणजे पोर्तुगालच्या उत्तर टोकापासून) तिमोरपर्यंत एकच राष्ट्र. १९३४ मध्ये एक प्रसिद्ध नकाशा काढला होता, युरोपच्या नकाशावर अंगोला-मोझांबिक पसरून ठेवलेले आणि वर लिहिलेलं की पोर्तुगाल हा लहान देश नाही.

ठीक आहे, त्याचं म्हणणं मान्य करू. एकच देश तर एकच वही. मग त्या वहीत पत्रादेवी लिहा. १९५३ चं साओ तोमे बेटावरचं बातेपाचं हत्याकांड लिहा. ३ ऑगस्ट १९५९ ला पोर्तुगीज गिनीत बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर पगारवाढ मागणाऱ्या गोदी कामगारांवर गोळ्या झाडल्या ते लिहा. मग १९६१ पासून अंगोला, १९६३ पासून गिनी, १९६४ पासून मोझांबिक अशी तीन युद्धं, आणि १९७२ चं मोझांबिकमधलं विरियामूचं हत्याकांड, तोवर सालाझार गेला होता पण राजवट तीच. हे सगळं मांडल्यावर 'कमी' हा शब्द कुठे टिकतो बघा. राष्ट्राची हद्द सांगताना तिमोरपर्यंत आणि मुडदे मोजताना लिस्बनपर्यंत, असं चालत नाही. सालाझारने हे सोयीने केलं ते समजू शकतो, पण आपल्या तक्ता करणाऱ्यांनी त्याची सोय का बघावी?

आणि अल्जेरियाचंच घ्या. फ्रान्सही म्हणायचा की अल्जेरिया म्हणजे फ्रान्सच. पण फ्रेंच मतदाराला विचारता आलं. जानेवारी १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष दगॉलने सार्वमत घेतलं, १९६२ ला सोडून मोकळे झाले. पोर्तुगालमध्ये विचारणार कुणाला? पेपरवर सेन्सॉरची निळी पेन्सिल, विरोधी पक्ष नाही, त्यामुळे तीन आघाड्यांवर तेरा वर्षं पोरं पाठवत राहिले. राजवटीचा प्रकार आणि वसाहतीतली हिंसा यांचा संबंध इथे आहे. गोळी दोघंही झाडतात, पण थांबा म्हणणारा एकीकडे असतो.

डिचोलीकर

यात आणखी एक घाला मास्तर. डिसेंबर १९६१, भारतीय फौज दारात. सालाझारने गव्हर्नर वासालो इ सिल्वाला तार केली की शरणागती नाही, कैदी नाही, आमचे सैनिक एकतर विजयी नाहीतर मेलेले. जेमतेम साडेतीन हजार सैनिक, धड विमानं नाहीत, आणि हा लिस्बनला खुर्चीत बसून सांगतो मरा. गव्हर्नर शहाणा, १९ डिसेंबरला शरण आला, पणजी वाचली आणि त्याचीही पोरं वाचली. बक्षीस काय? परत गेल्यावर लष्करातून हाकलला. म्हणजे या राष्ट्रवादाला गोवेकर तर नकोच होता, पण स्वतःचा शिपाईसुद्धा मेलेलाच हवा होता.

लिस्बनहून_बाळू

धागा उशिरा बघितला. मी मूळचा सांगलीचा, सहा वर्षं झाली इथे, आयटीत. मोहन रानडे पण सांगलीचेच, गोव्यात मराठी शिकवायला म्हणून गेले आणि १९५५ ला बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांना नंतर इथे लिस्बनजवळ काशियाशच्या तुरुंगात आणून ठेवलं. गोवा सुटला १९६१ ला, रानडे सुटले जानेवारी १९६९ ला. तोपर्यंत सुधीर फडके वगैरे मंडळी इकडे खेटे घालत होती. मी रोज लोकलने काशियाशवरून जातो, किल्ला दिसतो, गाडीत कुणाला काही माहीत नसतं.

इथे आल्जूब म्हणून जुना तुरुंग आहे, कॅथेड्रलला अगदी लागून, आता म्युझियम आहे. कोठड्या बघितल्या, एक माणूस आडवा झाला की संपली. माझ्यासोबत ऑफिसमधला एक पोर्तुगीज मित्र होता, तो पस्तिशीचा, बाहेर आल्यावर म्हणाला की शाळेत आम्हाला हे दोन पानांत उरकलं होतं. २००७ मध्ये इथल्या टीव्हीवर 'सर्वांत थोर पोर्तुगीज कोण' अशी मतं घेतली तेव्हा सालाझार पहिला आला, ४१ टक्के, आणि दुसरा आला कुन्याल, कम्युनिस्ट नेता, जो सालाझारच्याच तुरुंगातून १९६० मध्ये पळाला होता! आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणतात त्या वेळी दाराला कुलूप लावावं लागत नव्हतं. आणि त्यांचा सख्खा भाऊ गिनीच्या लढाईत गेलाय, फोटो हॉलमध्ये लावलाय. ही दोन वाक्यं त्यांच्या डोक्यात एकत्र येतच नाहीत. उलटतपासणी साहेबांच्या त्या दोन वह्या ना, त्या इथे घरोघरी आहेत.

बाकी पीडेचं मुख्यालय होतं तिथे आता महागडे फ्लॅट झालेत. २५ एप्रिल १९७४ ला क्रांती झाली, सैनिकांच्या बंदुकीत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच दिवशी पीडेने त्या इमारतीतून गर्दीवर गोळ्या झाडून चार जणांना मारलं. भिंतीवर एक पाटी आहे, शोधावी लागते.

उलटतपासणी

बरं, अर्धा पॉइंट तुमचा. एकच देश म्हणणाऱ्याचा हिशेब एकाच वहीत, मान्य. पण मी अजून म्हणेन की फ्रँकोशी तुलना करताना स्पेनच्या मोरोक्कोतल्या लढायाही मग आत घ्याव्या लागतील. तिथेच फ्रँको तयार झाला, यादवीत मोरोक्कन पलटणी घेऊनच तो स्पेनमध्ये उतरला. एकाचं पान उघडायचं आणि दुसऱ्याचं नाही असं नको.

जुना_मास्तर

घ्या ना, अवश्य घ्या. तुमचं हे उदाहरण तर डिचोलीकरांच्या मोंतेरोच्याच जातीचं आहे, बाहेर शिकलेलं घरी वापरलं. मानसी, हे पण टाक, पण १५ मार्कांना आठ पानं लिहू नकोस, मी पेपर तपासलेत, चौथ्या पानानंतर आम्ही फक्त अधोरेखित ओळी बघतो.

मानसी_एमए२

😄 लक्षात ठेवते. तक्ता सरांचाच देणार आहे, फक्त सालाझारच्या रकान्यात 'पोर्तुगाल' आणि 'सागरापारचे प्रांत' अशा दोन ओळी पाडणार आणि खाली लिहिणार की ही रेघ मी मारलेय, त्याने मारली नव्हती. डिचोलीकर दादा, ती लग्नपत्रिका खरंच आहे का अजून? फोटो टाकाल?

डिचोलीकर

आहे गो बाय, आईच्या ट्रंकेत, पिवळी पडलीय. रविवारी घरी गेलो की टाकतो. वर गणपती, मध्ये मुहूर्त आणि अगदी खाली कोपऱ्यात सेन्सॉरचा शिक्का. आई म्हणते मुहूर्तापेक्षा त्या शिक्क्याचीच जास्त वाट बघत होते.