डिलीट झालेले एसएमएस परत मिळवताना: आधी नेट बंद

ए-१०२: एका नंबरचे सगळे एसएमएस चुकून डिलीट झालेत. फोन अँड्रॉइड आहे. परत मिळतील का?

सी-४०३: ताई, सगळ्यात आधी वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करा, फोन चार्जिंगला लावू नका. गूगलचा बॅकअप बहुतेक वेळा फोन चार्जिंगवर आणि वायफायवर नुसता पडून असताना होतो. नवा बॅकअप झाला की जुन्याची जागा तो घेतो, आणि त्यात तुमचे मेसेज नसतील.

बी-२०१: म्हणजे सेटिंगमधून बॅकअपच बंद करायचा ना?

सी-४०३: नाही काका, तिथेच घात होतो! ते बटण बंद केलं की सर्व्हरवरचा आधीचा बॅकअपही पुसला जाऊ शकतो. फक्त नेट तोडायचं.
आता ताई, मेसेज अ‍ॅपमध्ये ‘अर्काइव्ह’ आणि ‘स्पॅम अँड ब्लॉक्ड’ बघा. बोट डावी-उजवीकडे सरकून मेसेज नुसता अर्काइव्ह झालेला (म्हणजे डिलीट न होता मुख्य यादीतून बाजूला गेलेला) असतो, असं बऱ्याचदा होतं. सॅमसंगचं स्वतःचं मेसेज अ‍ॅप असेल तर तीन टिंबांत ‘ट्रॅश’ किंवा ‘रीसायकल बिन’ मिळेल. तिथे ३० दिवस राहतात.

ए-१०२: तिन्हीकडे पाहिलं, नाहीत.

सी-४०३: मग दुसऱ्या फोनवर त्याच गूगल अकाउंटने ड्राइव्ह उघडून ‘बॅकअप्स’मध्ये तुमच्या फोनची तारीख बघा. मेसेज डिलीट होण्याआधीची असेल तर काम होईल. अडचण अशी की गूगलचे एसएमएस फक्त फोन नव्याने सेट करतानाच उतरतात. त्यासाठी स्वतःचा फोन रीसेट करू नका, बॅकअपनंतर आलेलं सगळं जाईल. घरात पडून असलेला एखादा अँड्रॉइड (त्याची अँड्रॉइड आवृत्ती तुमच्या फोनपेक्षा जुनी नको) रीसेट करा, सेटअपमध्ये हा बॅकअप निवडा. सिम लागत नाही. मेसेज आले की ‘एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर’ अ‍ॅपने त्यांची एक्सएमएल फाइल बनवा आणि ती तुमच्या फोनवर रिस्टोअर करा.

डी-५०४: आयफोनवाल्यांसाठी: आयओएस १६ पासून मेसेजेसमध्ये ‘एडिट’ किंवा ‘फिल्टर्स’खाली ‘रीसेंटली डिलीटेड’ आहे, मुदत साधारण ३० दिवस. ‘मेसेजेस इन आयक्लाउड’ (सगळ्या अ‍ॅपल उपकरणांवर मेसेज सारखे ठेवणारी सोय) चालू असेल तर मात्र मेसेज आयक्लाउड बॅकअपमध्ये नसतात, आणि डिलीट केलेलं सगळ्या उपकरणांवरून जातं. बंद करून ठेवलेला आयपॅड किंवा मॅक असेल तर आधी घरचं वायफाय बंद करून मगच तो सुरू करा. त्यात मेसेज अजून असू शकतात.

बी-२०१: ते ‘डिलीटेड मेसेज रिकव्हरी’ अ‍ॅप टाकलं तर?

सी-४०३: टाकू नका काका. एसएमएस mmssms नावाच्या डेटाबेसमध्ये असतात, ती फाइल रूटशिवाय (फोनच्या सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवल्याशिवाय) बाहेरून टाकलेल्या कोणत्याही अ‍ॅपला उघडता येत नाही. रूटसाठी बूटलोडर (फोनची सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो आणि त्यातच फोनचा सगळा डेटा पुसला जातो. शिवाय फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड असतो. असं अ‍ॅप एसएमएसची परवानगी मागून उरलेले मेसेज वाचेल, ओटीपीसकट.

डी-५०४: मेसेज आजच आलेला असेल तर ‘नोटिफिकेशन हिस्टरी’ बघा. अँड्रॉइड ११ पासून आहे, मागचे २४ तास दिसतात, पण आधीपासून चालू असेल तरच. नाहीतर समोरच्याकडून स्क्रीनशॉट मागवा, त्याने डिलीट केला नसेल तर त्याच्या फोनवर संवाद असतो.

ए-१०२: ड्राइव्हमध्ये कालची तारीख दिसतेय, मेसेज आज सकाळी गेले. जुना फोन चार्ज करायला लावते.