मदत हवी आहे : ग्राहक येतात, पण टिकत नाहीत

नमस्कार मंडळी. आमचं कंटेंट मार्केटिंगचं, म्हणजे लेखांमधून ग्राहक मिळवण्याच्या कामाचं, छोटं सॉफ्टवेअर आहे. लेखांचं वेळापत्रक, मंजुरी आणि कोणत्या लेखातून किती चौकशा आल्या याचा हिशोब त्यात होतो. नवे ग्राहक येतात, पण बरेचसे तीन-चार महिन्यांत सोडून जातात. लेखांचा परिणाम दिसायला अनेकदा त्याहून जास्त वेळ लागतो, तोवर त्यांचा धीर सुटतो.

२००६ साली सुरू झालेल्या हबस्पॉट या मार्केटिंग सॉफ्टवेअर कंपनीकडे वेबसाइटला गुण देणारं मोफत साधन होतं, त्यातून लोक त्यांच्याकडे वळायचे. पण आमची अडचण त्यानंतरची आहे. वार्षिक करारावर सवलत द्यावी का? त्यानं गळती थांबणार नाही, नुसती लपेल, अशी भीती वाटते.

पहिल्या महिन्यात तुम्ही ग्राहकाला नेमकं काय दाखवलंत? कृपया सविस्तर सांगा.