पक्षाघात? आधी विचारा, सीटी स्कॅन चालू आहे का?

बी-२०४: माझ्या आत्येभावाला परवा पक्षाघाताचा झटका आला. जवळच्या छोट्या हॉस्पिटलात नेलं. तिथे न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचे डॉक्टर, नाहीत. मोठं हॉस्पिटल गाडीने चार तासांवर. तिकडेच न्यायला हवं होतं का, यावरून घरात जुंपलीय.

सी-३०१ काका: न्यायलाच हवं होतं! छोट्या ठिकाणी नुसतं सलाईन लावून ठेवतात.

ए-१०२ डॉक्टरताई: काका, थांबा जरा. तिथे सीटी स्कॅन होतं का? मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय की रक्तस्राव झालाय, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक. सीटी नसेल तर तिथे वेळ घालवायचा नाही. फक्त शुगर बघून घ्यायची. ती फार उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं.

बी-२०४: सीटी होतं. फोटो पाठवून न्यूरॉलॉजिस्टशी फोनवर बोलले आणि इंजेक्शन दिलं.

ए-१०२ डॉक्टरताई: मग भांडण मिटवा 🙂 गुठळी विरघळवणारं औषध साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं. तुमची मुदत जवळपास रस्त्यातच संपली असती. त्यातलं टेनेक्टेप्लेज तर एकाच इंजेक्शनात संपतं, अल्टेप्लेजसारखं तासभर पंपाने सोडत बसायला नको. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, गुठळी काढायला पुढे पाठवतात, पण हे इंजेक्शन देऊन मग.

डी-५०३: झोपेतून उठल्यावरच तोंड वाकडं दिसलं तर वेळ कधीपासून धरायची?

ए-१०२ डॉक्टरताई: माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथून. ती वेळ लिहूनच न्या.

सी-३०१ काका: तोवर घरी ॲस्पिरिन दिली तर? हार्टला देतात की.

ए-१०२ डॉक्टरताई: अजिबात नको! रक्तस्राव असला तर वाढेल. बीपी उतरवायची जादा गोळीही मनाने देऊ नका.

सी-४०४ सिस्टर: आणि पाणीसुद्धा नको. गिळता येतंय का हे तपासण्याआधी घोट दिला तर तो फुफ्फुसात जाऊ शकतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. ताप, शुगर आणि गिळणं, या तीन गोष्टी नर्सनी नेमाने सांभाळल्या तर ९० दिवसांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांचं एकत्रित प्रमाण कमी दिसतं, हे ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात २०११ साली आलंय. त्याला लागतं काय? थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि लक्ष. पण याला कुणी उपचार म्हणतच नाही!

बी-२०४: अरे देवा, आत्या सकाळपासून त्याला चमच्याने पाणी पाजायला बघतेय. तिथल्या सिस्टरनी गिळणं तपासलंय का, आत्ताच फोन करून विचारतो.