घर बांधून होईपर्यंत प्लॉटवरच कॅरॅव्हॅनमध्ये राहणे (इंग्लंड)

प्रश्न – शेतबांध

नमस्कार. लिंकनशायरमधील एका खेड्यात आम्ही प्लॉट घेतला असून घराच्या बांधकामाला परवानगी मिळाली आहे. भाड्याच्या घराचा करार ऑगस्टअखेर संपतो. त्यापुढे भाडे आणि बांधकाम असा दुहेरी खर्च झेपणार नाही, म्हणून प्लॉटवरच जुनी स्टॅटिक कॅरॅव्हॅन (एका जागी उभे करून ठेवायचे फिरते तयार घर) आणून घर होईपर्यंत तिच्यात राहावे, असा विचार आहे. आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले आहोत. शिवाय दिवाळीनंतर सासूबाई पुण्याहून काही महिन्यांसाठी येणार आहेत. कॅरॅव्हॅनसाठी निराळी परवानगी लागते का, आणि रोज दोन वेळचा साग्रसंगीत स्वयंपाक करणाऱ्या घराचा हिवाळा त्यात निभावतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – लेस्टरवासी

कॅरॅव्हॅन स्थळांविषयीच्या १९६० च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टानुसार, जमिनीवर बांधकाम चालू असताना त्या कामावरील माणसांच्या राहण्यासाठी ठेवलेल्या कॅरॅव्हॅनला परवाना लागत नाही, आणि अशा वापराला २०१५ च्या विकास आदेशाखाली नियोजन परवानगीही मिळालेलीच मानतात. मात्र ही सवलत कामावर असलेल्यांसाठी आहे. तुमच्यापैकी एक जण बांधकामात स्वतः हात घालणार असेल तर सहसा अडचण येत नाही. सगळे काम ठेकेदारावर सोपवून दोघेही नोकरीला जाणार असाल, तर कौन्सिल (स्थानिक प्रशासन) हरकत घेऊ शकते. त्यामुळे नियोजन विभागाला आधीच लिहून विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे. काम संपले की सवलतही संपते. पुढे पाहुण्यांची खोली म्हणून ती तशीच ठेवायची झाल्यास कौन्सिलला आधी विचारावे लागेल.

पैशांच्या दोन गोष्टी. कॅरॅव्हॅन हेच तुमचे मुख्य निवासस्थान ठरल्यास तिच्यावर कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) लागू शकतो, बहुधा सर्वांत खालच्या ‘ए’ बँडमध्ये. स्वतःसाठी नवे घर बांधणाऱ्यांना बांधकाम साहित्यावरील व्हॅट परत मिळतो, त्याचा अर्ज घर पूर्ण झाल्यापासून ६ महिन्यांत करायचा असतो. कॅरॅव्हॅनचे भाडे त्यात धरता येत नाही.

उत्तर – तारमिस्त्री

मी व्यवसायाने इलेक्ट्रिशियन आहे, म्हणून माझ्या विषयापुरते लिहितो. प्लॉटवर तात्पुरते वीज कनेक्शन घेतले की त्याच्याच अर्थिंगवर कॅरॅव्हॅन जोडण्याचा मोह होतो. इथल्या बऱ्याच कनेक्शनमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र असतात. अशी अर्थिंग कॅरॅव्हॅनच्या धातूच्या भागांना जोडण्यास २००२ च्या वीजपुरवठा नियमांनी मनाई आहे, कारण रस्त्यावरची न्यूट्रल तुटली तर ओल्या जमिनीवर उभे राहून दाराला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. जमिनीत स्वतंत्र अर्थ रॉड आणि आरसीडी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवेतच, आणि हे काम नोंदणीकृत माणसाकडूनच करून घ्यावे.

गॅस प्रोपेनचाच घ्यावा. ब्यूटेनचा उत्कलनांक शून्य अंशाच्या किंचित खाली असल्याने कडाक्याच्या थंडीत सिलिंडर भरलेला असूनही शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय त्यात पहिली रात्र काढू नका.

उत्तर – डोंगरवाट

आम्ही हेरफर्डशायरमध्ये दोन मुलांसह असेच राहिलो होतो. कायदा आणि वीज मार्गी लागते. रोजचा खरा त्रास ओलीचा आहे. एक किलो प्रोपेन जळाला की त्यातून सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत जाते. त्यात कुकरच्या शिट्ट्या, आमटीची उकळी, आत वाळत घातलेले कपडे आणि चार माणसांचा श्वास यांची भर पडते, आणि ती सगळी वाफ पातळ भिंतींवर थंड होऊन निथळते. खिडक्यांवरचे पाणी दिसते, ते पुसता येते. गादीखालचे दिसत नाही: डिसेंबरात मुलीची गादी उचलली, तर खालच्या प्लायवूडवर मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके होते. आम्ही गाद्यांखाली लाकडी पट्ट्या ठोकल्या, डेसिकंट (ओल शोषणारा पदार्थ वापरणाऱ्या) प्रकारचा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारे यंत्र, आणला (कॉम्प्रेसरचा प्रकार थंडीत कमी पाणी ओढतो) आणि स्वयंपाक इंडक्शनवर नेला. पोळ्या मात्र बाहेर ताडपत्रीच्या आडोशाला गॅसवरच भाजत असू, कारण फुलक्याच्या बाबतीत आमच्या घरात तडजोड होत नाही.

कॅरॅव्हॅन घेताना ती बीएस ३६३२ या ब्रिटिश मानकाची आहे का, ते विचारा. अशा कॅरॅव्हॅन बारमाही राहण्यासाठी बांधलेल्या असतात, सुट्टीसाठीच्या कॅरॅव्हॅनमध्ये उष्णतारोधन बेताचेच असते. ती येण्यापूर्वी नव्या घराची सेप्टिक टाकी किंवा ड्रेनेज पूर्ण करून घ्या, म्हणजे संडास पहिल्या दिवसापासून नीट चालेल. जमिनीखालून वर येणारा पाण्याचा पाइप गुंडाळून त्यावर हीटिंग केबल लावा, नाहीतर ऐन शाळेच्या सकाळी नळ गोठतो. आणि ती प्लॉटवर कुठे उभी करायची हे ठरवताना बाहेर कशी काढायची हेही ठरवा. आमच्या शेजाऱ्यांचे घर वाटेतच उभे राहिले आणि अखेर क्रेन बोलवावी लागली.

सासूबाईंचे विचारलेत म्हणून स्पष्ट लिहिते: त्यांना एप्रिलनंतर बोलवावे. थंडी त्या सोसतीलही, पण रात्री बाथरूमला जाण्यासाठी झोपलेल्या नातवंडांना ओलांडणे आणि दिवसभर चिखलामुळे आतच बसून राहणे, हे कोणत्याही वडीलधाऱ्या माणसावर लादू नये.

शेतबांध

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंशी बोलले, त्यांनी मे महिन्याचे तिकीट बघायला सांगितले आहे. एक शंका उरली: इंडक्शन, हीटर आणि गिझर तात्पुरत्या कनेक्शनवर एकदम चालतील का?

तारमिस्त्री

कनेक्शन किती अँपिअरचे मिळते त्यावर ते ठरेल. २ किलोवॉटचा हीटर, २ किलोवॉटचे इंडक्शन आणि ३ किलोवॉटचा गिझर मिळून ३० अँपिअरच्या वर जातात, आणि कॅरॅव्हॅनसाठी काढलेली लाइन पुष्कळदा १६ किंवा ३२ अँपिअरचीच असते. ३२ ची मागा, आणि गिझरला टायमर लावून तो पहाटे, स्वयंपाक सुरू होण्याआधी चालवा.